कव्हरला कोण उभा आहे?

"तू कंप्यूटरमधला, तूच सांग."

आमच्या घरात हे वाक्य कशालाही लागू पडतं. प्रिंटर बिघडला, सातबारा ऑनलाईन दिसेना, नवी गाडी कुठली घ्यावी... हिंजवडीत बसणाऱ्या माणसाला सगळं माहीत असतं अशी इंदापूर तालुक्यात ठाम समजूत आहे आणि ती मोडायची माझी कधी हिंमत झाली नाही. यावेळचा प्रश्न मात्र जरा वेगळा होता.

माझी मोठी मावसबहीण बारामतीत असते. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, साडेसतरा वर्षांचा. अकरावी सायन्सची परीक्षा देऊन बसलेला. कबड्डी खेळतो, डाव्या कव्हरला. (पेपरवाले 'डावा मध्यरक्षक' लिहितात. मैदानावर असं म्हणालात तर लोक वळून बघतील.) एका निवासी अकादमीनं त्याला बोलावलं होतं. अट अशी की जूनपासून तिथंच राहायचं, बारामतीचं कॉलेज सोडायचं आणि बारावी तिकडून बाहेरून द्यायची. दाजी म्हणत होते जाऊ दे. ताई म्हणत होती अजिबात नाही. दोघांनी तीन आठवडे एकमेकांशी "ताट वाढलंय" एवढंच बोलून झाल्यावर केस माझ्याकडे आली.

"पाव्हणं, पोरगं पुढं जाईल का नाय, तेवढं सांगा," दाजी म्हणाले. जणू हा हो-नाहीचा प्रश्न आहे आणि माझ्याकडे त्याचं सॉफ्टवेअर आहे!

पोरगा चढाई करणारा असता तर काम सोपं होतं. चढाईपटू गेला, हात लावला, परत आला, गुण मिळाला. शेवटी बेरीज करायची. कोपऱ्यातला असता तरी जमलं असतं. कोपऱ्यातला खेळाडू घोटा धरतो, पट काढतो, लोक शिट्ट्या मारतात, निवेदक माईकवर नाव घेतो. पण कव्हर? गेल्या दहा वर्षांत मी कबड्डीचे शेकडो सामने बघितले असतील (निम्मे टीव्हीवर, निम्मे भवानीनगर-लासुर्णे पट्ट्यातल्या जत्रांमध्ये धूळ खात), पण नुसतं कव्हरकडे बघत पूर्ण सामना काढलाय असं कधी झालं नव्हतं. तुम्हीही केलं नसेल. करून बघा, मान दुखते. कारण नजर आपोआप चढाई करणाऱ्याच्या मागे पळते.

ज्यांना फक्त प्रो कबड्डीची गाणी आठवतात त्यांच्यासाठी थोडक्यात. मैदान १३ मीटर बाय १० मीटर. सात जण. दोन टोकांना कोपरे, मधे एकमेकांचे हात धरून बाकीचे, त्यात डावा आणि उजवा असे दोन कव्हर. चढाई करणारा कोपऱ्याकडे झुकला की त्याच्या परतीच्या वाटेवर जो उभा असतो तो कव्हर. कोपऱ्यानं पाय धरला की अर्ध्या सेकंदात अंगावर जाऊन तो माणूस मध्यरेषेपर्यंत हात लांबवणार नाही हे बघायचं. कधी कंबर धरायची, कधी धडक देऊन रेषेबाहेर काढायचं. आणि बाकीचा सगळा वेळ काय करायचं? उभं राहायचं. असं उभं राहायचं की समोरच्याला त्या बाजूला खोल शिरायची इच्छाच होऊ नये.

गंमत इथेच आहे. ३० सेकंदांची चढाई, समोरचा आला, निदानरेषा ओलांडली, इकडंतिकडं नाचला आणि रिकाम्या हातानं परत गेला. फळ्यावर काहीच हललं नाही. अशा दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या वेळी त्याला गुण मिळवावाच लागतो, नाहीतर तो बाद. मग तिसऱ्या चढाईत तो घाईत घुसतो, कोपरा त्याचा घोटा धरतो आणि गुण कोपऱ्याच्या नावावर लागतो. आधीच्या दोन चढाया रिकाम्या कुणी घालवल्या, हे कुणी लिहून ठेवत नाही.

आमच्याकडे टेस्टिंग टीमचं असंच असतं म्हणा. रिलीज शांतपणे पार पडलं तर "यांनी काय केलं?" आणि नाही पार पडलं तर "हे काय करत होते?" अप्रेझलच्या फॉर्ममध्ये 'न घडलेल्या गोष्टी' असा रकाना नसतो. असो, हे दुखणं वेगळ्या पोस्टचं आहे.

हा प्रश्न मला आधी एकदा भेटला होता, तो बारामतीपासून फार लांब. काही वर्षांपूर्वी सात-आठ महिने फिलाडेल्फियाजवळ ऑनसाईट होतो. तिथं अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्याकडची आषाढी वारी. क्लाएंटकडचा एक सहकारी ईगल्स या संघाचा भक्त. त्याच्या घरी रविवारी सामना बघायला गेलो की तो मला बजावायचा, चेंडूकडे बघू नकोस, या पाच जणांकडे बघ. क्वार्टरबॅकच्या पुढे उभे असलेले पाच अवाढव्य गडी. ऑफेन्सिव्ह लाईन म्हणतात त्यांना. एक जण चेंडू मागे देऊन खेळ सुरू करतो, तेवढा सोडला तर अख्ख्या सामन्यात यांच्या हातात चेंडू येत नाही. समोरच्या संघाचे राक्षस आपल्या क्वार्टरबॅकवर धावून येतात त्यांना अडवायचं, बस्स. टीव्हीवर त्यांचं नाव ऐकू आलं की समजायचं, काहीतरी चुकलंय.

मग असा विशीतला गडी पुढे मोठा होईल का, हे तिथले क्लब ठरवतात कसं? मापं घेऊन. दर वर्षी इंडियानापोलिसला कॉलेजमधल्या निवडक खेळाडूंना बोलावतात, ४० यार्ड पळवतात, १०२ किलोचा बार छातीवरून किती वेळा उचलतो ते मोजतात, हाताची लांबी टेपनं मोजतात. कापड दुकानात शर्टाचं माप घ्यावं तसं. हात लांब असेल तर समोरच्याला अंगापासून लांब ठेवता येतं, हे खरंच आहे. पण टेपमध्ये सगळं येत असतं तर जॉर्डन माइलाटाची गोष्ट घडलीच नसती.

माइलाटा सिडनीचा, आईवडील सामोआचे. उंची सहा फूट आठ इंच, वजन दीडशे किलोच्या वर. रग्बी लीग खेळायचा. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना तो आयुष्यात खेळला नव्हता. २०१८ साली ईगल्सनं त्याला ड्राफ्टच्या शेवटच्या, सातव्या फेरीत घेतलं, २३३व्या क्रमांकावर. पहिल्या दोन हंगामांत त्यानं एकही अधिकृत सामना खेळला नाही. जेफ स्टाउटलँड नावाचा लाईनचा कोच त्याला उभं कसं राहायचं इथपासून शिकवत होता. मधे २०१९ साली त्याच जागेसाठी ईगल्सनं आंद्रे डिलर्डला पहिल्या फेरीत घेतलं. कॉलेजमध्ये ती जागा खेळलेला, तयार माल. आणि २०२१ मध्ये ती जागा मिळाली माइलाटाला. त्याच वर्षी चार वर्षांचा ६ कोटी ४० लाख डॉलर्सचा करार झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सनी सुपर बोल जिंकला तेव्हा डाव्या टोकाला हाच पठ्ठ्या उभा होता.

दाजींना ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली नाही. त्यांनी ६ कोटी ४० लाख डॉलर्स एवढंच ऐकलं असतं. मला तिच्यातलं दुसरंच काहीतरी हवं होतं. दोन वर्षं न खेळवता त्या पोराला सांभाळणारा क्लब, एकाच जागेचं शिक्षण देणारा कोच, आणि रोज तीच तीच गोष्ट करायला न कंटाळणारा खेळाडू. ही तिन्ही एका जागी जमली होती. यातल्या दोन गोष्टी खेळाडूच्या हातातच नाहीत.

आता आपल्या पोराकडे येऊ.

त्याच्या मित्रांनी जानेवारी ते एप्रिलमधले सात सामने मोबाईलवर शूट केले होते. बांबूला मोबाईल बांधून. एका व्हिडिओत अर्धा वेळ कुणाचा तरी फेटा दिसतो, पण चालतंय. दोन वीकेंड मी आणि माझा लॅपटॉप. समोरच्या संघाची प्रत्येक चढाई अर्ध्या वेगानं बघायची आणि एक्सेलमध्ये एक ओळ भरायची. रकाने असे: डावीकडे आला का, किती खोल आला, रिकामा गेला का, पहिला हात कुणाचा, दुसरा हात कुणाचा, आणि सगळ्यात महत्त्वाचा, आपला गडी वेळेआधी निघाला का.

शेवटच्या रकान्याचं जरा सांगतो. कव्हरचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे उतावीळपणा. समोरचा फसवा पाय टाकतो, कव्हरला वाटतं सापडला, तो झेपावतो, साखळी तुटते, आणि मग एकाच्या जागी दोघं-तिघं बाद होतात. टीव्हीवर अशा वेळी कॉमेंटेटर ओरडतो त्याला 'ॲडव्हान्स टॅकल' म्हणतात. गावाकडं त्याला जे म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही :)

भाच्याच्या नावावर सात सामन्यांत अकरा पकडी. म्हणजे सामन्याला दीड. अकादमीला असे आकडे पाठवले असते तर त्यांनी फोनच केला नसता. पण दुसऱ्या हाताच्या रकान्यात तो एकोणीस वेळा होता. त्याच्या कोपऱ्याचं त्या तीन-चार महिन्यांत गावभर नाव झालं, बॅनर लागला, त्यातल्या बऱ्याच पकडी या पोराच्या खांद्यावर उभ्या होत्या. आणि वेळेआधी निघणं? पहिल्या तीन सामन्यांत नऊ वेळा. शेवटच्या चारांत तीन वेळा.

मला सगळ्यात जास्त आवडलेली ओळ हीच. त्याला मी विचारलं, "हे कसं काय कमी झालं रे?"

"मामा, मी कंबरेकडं बघायला लागलो."

"म्हणजे?"

"पाय फसवतो, हात फसवतो. कंबर नाय फसवत."

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मैदानावर सर आहेत, पण ते एकटे पस्तीस पोरं बघतात. पोरानं आपला आपण बग शोधला होता आणि फिक्ससुद्धा केला होता. मी आमच्या टीममध्ये तीन वर्षं अनुभव असलेली माणसं बघितली आहेत ज्यांना... जाऊ दे.

मग मी अजून एक प्रयोग केला. तो आत असतानाच्या चढाया एकीकडे, तो बाद होऊन बाहेर बसला असतानाच्या दुसरीकडे. कबड्डीत हे सोयीचं आहे, गडी सारखे आत-बाहेर होतात. पण यात एक मेख आहे. तो बाहेर असतो तेव्हा बहुतेक वेळा बाकीचेही दोघं-तिघं बाहेर असतात, म्हणजे बचाव तसाही दुबळा झालेला असतो. म्हणून मी आत पाच किंवा सहा जण असतानाच्याच चढाया घेतल्या. एवढी चाळण लावल्यावर हाताशी फार काही उरलं नाही. पण जे उरलं त्यात चित्र स्पष्ट होतं. तो आत असला की समोरचा डावीकडं निदानरेषेला पाय लावून परत फिरायचा. तो बाहेर असला की बोनस रेषेपर्यंत फिरायला गेल्यासारखा यायचा. एवढ्या थोड्या डेटावर मी ऑफिसमध्ये कुठलंच विधान केलं नसतं. पण इथं समोर मॅनेजर नव्हता, ताई होती.

आणि खोट? ती पण सापडली. समोरच्यानं मधल्या बाजूला झुकांडी दिली की त्याच्या डाव्या पायाची टाच जमिनीला टेकते. टाच टेकली की वळायला वेळ लागतो. पहिल्या अर्ध्यात हे कुणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या अर्ध्यात, तोच चढाईपटू चौथ्या-पाचव्यांदा आला की त्याला कळलेलं असतं. सातपैकी दोन सामन्यांत एकाच वाटेनं त्याला तीन-तीनदा बाद केलंय. मातीवर हे थोडं झाकलं जातं, कारण मातीत सगळेच घसरतात. मॅटवर बूट घालून खेळायचं, तिथं पाय चिकटतो. टाचेवर उभा राहणारा तिथं उघडा पडेल, आणि वाईट म्हणजे चिकटलेल्या पायावर अंग वळलं की गुडघा जातो. गुडघ्याचा लिगामेंट तुटला की वर्ष गेलं समजा. आपल्याकडं तालुक्यात मॅट किती ठिकाणी आहे आणि किती पोरांना रोज मिळते, हे ज्यांचं घर या भागात आहे त्यांना सांगायला नको.

शरीराचं काय? उंची पाच फूट अकरा, वजन ६८. हात लांब. (हो, मी टेपनं मोजले. इंडियानापोलिस आमच्या ओट्यावर! ताई म्हणाली, "शर्ट शिवतोयस का?") पण हे ६८ फसवं आहे. कुमार गटात वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ही पोरं जेवत नाहीत, पाणी तोडतात, उन्हात स्वेटर घालून पळतात, काट्यावर पास झाली की मग वडापाव. वर्षानुवर्षं असं करून जे वजन 'राखलं' जातं ते त्या पोराचं खरं वजन नव्हेच. वरिष्ठ पुरुषांत मर्यादा ८५ किलोची आहे, आणि मोठ्या संघांतले कव्हर अंगानं भरलेले असतात, धडक द्यायची तर मागे काहीतरी पाहिजे ना. म्हणजे प्रश्न आज किती वजन आहे हा नाही. या हाडांवर अजून दहा-बारा किलो चढतील का, आणि चढल्यावर तो आत्ताइतकाच चपळ राहील का, हा आहे. दाजींकडचे सगळे आडवे, आमच्याकडचे सगळे उभे. पोरगं दोन्हीकडून घेऊन आलंय. माझं मत, चढतील. पण दोन वेळा पोटभर जेवला तर!

वालचंदनगरला एक काका आहेत, त्यांच्या काळात मातीवरचे नावाजलेले खेळाडू. त्यांच्याकडं लॅपटॉप घेऊन गेलो. एक्सेल दाखवायला लागलो तर म्हणाले, "ते मिटव. व्हिडू लाव." पाच मिनिटं बघितला. मग म्हणाले, "आत्ता बाद झाला न्हवं? आता त्योच दाखव. भाईर बसलेला."

म्हणजे सामना सोडून बाहेर बाकावर बसलेलं पोरगं बघायचं. कॅमेरा तिकडं फार नव्हता, पण दोन ठिकाणी सापडलं. एका ठिकाणी पाणी पितोय आणि नजर मैदानावर. दुसऱ्या ठिकाणी उकिडवा बसून उजव्या कव्हरला काहीतरी ओरडून सांगतोय, हातानं कंबर दाखवतोय.

"हां," काका म्हणाले. "बाकीची बघ, येक चप्पल शोधतंय, येक पब्लिक बघतंय."

हे माझ्या शीटमध्ये नव्हतं. नवा रकाना टाकला.

पण काकांचं सगळंच मला पटलं असं नाही. त्यांचं म्हणणं पोरगं फार सभ्य आहे. "तोंडात शिवी नाय, डोळ्यात राग नाय, त्यो कसला कव्हर? कव्हर बघून पोटात गोळा आला पायजे." शिवाय मॅट आल्यापासून कबड्डी बाटली, असंही एक वीस मिनिटांचं भाषण झालं. मला वाटतं रागाचं हे जुनं खूळ आहे. १ मार्च २०२४ चा प्रो कबड्डीचा अंतिम सामना आठवा, हैदराबादला. पुणेरी पलटणनं हरयाणा स्टीलर्सना २८-२५ असं हरवून पहिल्यांदा करंडक आणला. सगळ्यांना पंकज मोहितेची ती एकाच चढाईतली चार गुणांची झडप आठवते, मलाही आठवते, मी सोफ्यावरून पडलो होतो. पण ४० मिनिटांत समोरच्याला २५ वर थांबवलं होतं. त्या हंगामात कोपऱ्याला शादलूसारखा गरम डोक्याचा वाघ होता, आणि कव्हरला अभिनेश नादराजन आणि संकेत सावंत. यांच्या डोळ्यांत राग बघितल्याचं मला तरी आठवत नाही. कोपऱ्याला वाघ ठेवायचा असेल तर कव्हरला थंड डोक्याचाच माणूस लागतो.

हे झालं खेळाचं. आता हिशेब, कारण दाजींच्या डोक्यात तोच होता. २०१४ ला पहिल्या लिलावात सगळ्यात महाग राकेश कुमार, १२ लाख ८० हजार. ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात पवन सेहरावत २ कोटी ६० लाख ५० हजार, आणि शादलूला पलटणनं घेतलं २ कोटी ३५ लाखांना. दाजींना हे आकडे पाढ्यांसारखे पाठ आहेत. मी त्यांना त्याच लिलावातला दुसरा आकडा सांगितला, सगळ्यात खालच्या गटाची मूळ किंमत, ९ लाख. तीही बोली लागली तर. आणि मग जागा मोजून दाखवल्या. संघ बारा. प्रत्येकात कव्हर दोन. म्हणजे देशभरात खेळणाऱ्या कव्हरच्या जागा चोवीस. त्यांच्यासाठी हरयाणा आहे, उत्तर प्रदेश आहे, तमिळनाडू आहे, आपलं कोल्हापूर-सांगली-रायगड आहे, झालंच तर इराण आहे.

"म्हंजी नाय व्हायचं," दाजी म्हणाले.

"असं नाही म्हणलो मी. चोवीसात नाही आला तरी कबड्डी संपत नाही. रेल्वे आहे, पोलीस आहे, राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण त्यातल्या चांगल्या जागेला अर्ज करायचा तर आधी बारावी आणि मग पदवी लागते दाजी."

ताईनं इथं पहिल्यांदा मान हलवली. पण मी तिच्या बाजूनं बोलतोय असं तिला वाटू नये म्हणून लगेच पुढचं सांगितलं. पोरगं इथंच राहिलं तर टाच इथंच राहणार. पस्तीस पोरांत सरांना त्याच्या टाचेकडं बघायला वेळ नाही, आणि मातीवर ती खोट सुधारली का हे कळणारही नाही. अठरा ते वीस हीच दोन वर्षं आहेत ज्यात शरीरही बदलतं आणि सवयीही. एकविसाव्या वर्षी मॅटवर गेलेला कव्हर चोवीसाव्या वर्षीसुद्धा टाच उचलायलाच शिकत असतो. म्हणजे जाणं गरजेचं आहे. फक्त जूनमध्ये कॉलेज सोडून नाही.

दाजींनी अकादमीला विचारायचे प्रश्न मी कागदावर लिहून दिले. तुमच्याकडं आत्ता डाव्या कव्हरला कोण आहे आणि त्याचं वय काय? (एकोणीस वर्षांचा पक्का कव्हर आधीच असेल तर आपलं पोरगं तिथं पाणी आणायला जाणार.) बचावाचा कोच वेगळा आहे का? गुडघा गेला तर ऑपरेशनचा खर्च कुणाचा, लेखी आहे का? वजन कोण ठरवतं? बारावीच्या परीक्षेला महिनाभर सोडणार का? आणि जूनच्या आधी, मे महिन्यात तीन आठवडे त्याला मॅटवर ठेवून बघणार का, म्हणजे त्यांनाही तो कळेल आणि त्यालाही ते कळतील.

जेवणं झाली. पोरगं एवढा वेळ भिंतीला टेकून गप्प बसलं होतं. ताईनं भांडी उचलता उचलता मला स्वयंपाकघराच्या दारात थांबवलं.

"ते सगळं कळलं मला. पण तो चांगला खेळतो का रे?"

एवढ्या वर्षांत हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती कधी सामन्याला गेली नाही. घरी यायचे ते सोललेले गुडघे, मातीचे कपडे आणि कधीतरी एखादं मेडल. बॅनर लागला तो कोपऱ्यातल्या पोराचा. मी लॅपटॉप तिथंच ओट्यावर उघडला आणि तिला एक चढाई दाखवली, ज्यात काहीच होत नाही. समोरचा येतो, आपल्या पोराकडं बघतो, अर्धं पाऊल टाकतो, मागं घेतो, पुन्हा टाकतो, मागं घेतो, ३० सेकंद संपतात, जातो.

"मग? यात काय झालं?" ताई म्हणाली.

"त्याला यायचं होतं. यानं येऊ दिलं नाही."

तिनं ती अजून एकदा लावायला सांगितली. मग अजून एकदा. तिसऱ्या वेळी म्हणाली, "हा हलतच नाही की."

"तेच तर, ताई."

पोराला मात्र कौतुकात रस नव्हता. झोपायला जाताना जिन्यात अडवलं. "मामा, ती टाचेची क्लिप मला पाठव. तिन्हीच्या तिन्ही."

अकादमीनं खर्चाच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर दिलं, डाव्या कव्हरच्या प्रश्नाला सरळ दिलं (त्यांचा कव्हर बावीसचा आहे, जाणार आहे) आणि तीन आठवड्यांना कुरकुरत हो म्हणाले. जूनचं जूनमध्ये बघू म्हणाले. दाजी एसटीनं सोडून आले. कॉलेजचं नाव अजून काढलेलं नाही.

परवा रात्री त्याचा फोन आला. सराव सामन्यात दुसऱ्या अर्ध्यात घेतात, पहिल्या दिवशी चार वेळा बाद झाला, काल एकदा. जेवण भरपूर आहे, वजन ७० झालंय आणि कुणी ओरडलं नाही. अडचण एकच, मॅटचे बूट दुसऱ्याचे घालून खेळतोय, चावतात. त्याला अकरा नंबर लागतो आणि तिथं कुठं मिळेना. शनिवारी लक्ष्मी रोडला जाऊन बघतो. कुणाला पुण्यात अकरा नंबरचे कबड्डीचे बूट मिळणारं दुकान माहीत असेल तर कळवा.